होस्ट बंद होताना मोसंबीचा चर्चागट हलवला, त्याची सगळी कृती

ज्या कंपनीच्या सर्व्हरवर आपला चर्चागट चालतो ती कंपनी, म्हणजे होस्ट, सेवा बंद करणार असल्याची मेल आली, की सगळ्यांची नजर शेवटच्या तारखेवर जाते. पण कामाच्या तारखा तिच्या आधी असतात आणि त्या मेलच्या पोटात कुठेतरी लिहिलेल्या असतात: नवीन फोटो आणि फाइली चढवणं कधी थांबणार, बॅकअप मागण्याची मुदत कधी संपणार, गट 'फक्त वाचा' अवस्थेत कधी जाणार. याहू ग्रुप्स या मेलवर चालणाऱ्या गटांच्या सेवेचं उदाहरण या बाबतीत मुद्दाम वाचण्यासारखं आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात घोषणा झाली. २८ ऑक्टोबरला नवीन मजकूर चढवणं थांबलं, म्हणजे जेमतेम दोन आठवडे मिळाले. जुना मजकूर काढून टाकण्याची तारीख १४ डिसेंबर होती. पुढे डेटा मागण्याची मुदत ३१ जानेवारी २०२० पर्यंत वाढवली. गटाच्या मेल मात्र १५ डिसेंबर २०२० पर्यंत येत राहिल्या. मेल चालू आहेत म्हणजे गट शाबूत आहे असं समजणाऱ्यांचा जुना संग्रह तोवर कधीच गेला होता.

मुदत वाढेल या भरवशावर तर राहूच नये. गूगल प्लस ऑगस्ट २०१९ मध्ये बंद होणार होतं, ते अलीकडे ओढून २ एप्रिल २०१९ ला बंद केलं. ऑर्कुटची घोषणा ३० जून २०१४ ला झाली आणि ३० सप्टेंबरला ते बंद झालं. सार्वजनिक कम्युनिट्यांचा संग्रह गूगलने वाचण्यापुरता ठेवला होता, तोही पुढे काढून टाकला. आपल्याकडे मेल आली की तिच्यातल्या सगळ्या तारखा एका कागदावर उतरवायच्या आणि सगळ्यात आधी येणारी तारीख हीच शेवटची मानून कामाला लागायचं.

आमचा गट मोसंबीचा. जालना, बदनापूर, अंबड, घनसावंगी, पैठण, गेवराई या पट्ट्यातले बागायतदार, रोपवाटिकावाले, कृषी सेवा केंद्रवाले आणि परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलेली मंडळी त्यावर लिहीत आली. मोसंबीची बाग एकदा लावली की पंधरा-वीस वर्षं तिच्याशी गाठ असते. रंगपूर लाइमच्या खुंटावरची कलमं आणि जंबेरीच्या खुंटावरची कलमं त्याच शिवारात दहा वर्षांनी कशी वागली, हे ज्या धाग्यात, म्हणजे एका विषयावरच्या सलग चर्चेत, लागवडीपासून नोंदवलंय तो धागा दुसरीकडे मिळत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात कोणी फांद्या छाटून, कोणी बुडाला पाचटाचं आच्छादन देऊन, कोणी आठ टक्के केओलिन (पांढरी चिकणमाती) फवारून झाडं कशी जगवली आणि पुढच्या पावसाळ्यात त्यातली कोणती फुटली, हे त्यात तारखेनिशी आहे. अशा लिखाणात सुट्या ओळीला फारशी किंमत नसते. कोणी, कोणत्या महिन्यात, कोणत्या जमिनीबद्दल विचारलं, त्याला कोणी काय सांगितलं, आणि दोन महिन्यांनी विचारणाऱ्याने परत येऊन 'फरक पडला नाही' असं लिहिलं का, हे सगळं एकत्र असलं तरच ते उपयोगाचं. हा धागा तुटला आणि नुसतं 'एक टक्का बोर्डो मारा' एवढं वाक्य उरलं, तर ते नसलेलंच बरं. म्हणून सगळ्या कामाचा क्रम आम्ही यावरूनच लावला: कोणत्याही टप्प्यावर प्रश्न, उत्तर, माणूस, तारीख आणि फोटो यांची एकमेकांशी असलेली गाठ सुटता कामा नये.

पहिलं काम माणसांचं. जुनी साइट चालू आहे तोवरच 'हा आयडी याच माणसाचा' हे सिद्ध करता येतं, कारण तो लॉगिन करून निरोप पाठवू शकतो. साइट गेली की हा पुरावा कायमचा जातो. पासवर्ड डेटाबेसमध्ये गुंडाळलेल्या रूपात असतात, ते नव्या सॉफ्टवेअरला बहुतेक वेळा चालत नाहीत, आणि 'पासवर्ड विसरलात' ची मेल ज्या पत्त्यावर जाणार तो पत्ताच बहुतेकांचा मेलेला असतो. जुन्या गटांमध्ये रेडिफमेलचे आणि याहूचे पत्ते ढिगाने असतात. जीमेलचंही तसंच आहे: दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून काढून टाकू लागलं आहे. त्यामुळे प्रत्येक दालनाच्या, म्हणजे गटातल्या विषयवार विभागाच्या, डोक्यावर सूचना लावायची आणि सभासदाने स्वतःच्या आयडीने, खाजगी निरोपातून, चालू मेल आणि मोबाइल नंबर कळवायचा, अशी पद्धत ठेवली. उघड धाग्यात नंबर मागायचे नाहीत. असे धागे उतरवून घेणारे लोक टपलेले असतात.

जे साइटवर येतच नाहीत त्यांना मेल पाठवावी लागते. एका दमात सगळ्यांना पाठवली तर ती जंक फोल्डरमध्ये जाते. थोड्या थोड्या जणांना, ज्या पत्त्यावरून गटाच्या मेल पूर्वीपासून येतात त्याच पत्त्यावरून, आणि विषयात गटाचं नाव स्पष्ट लिहून पाठवावी. मजकूर चार ओळींचा पुरतो: गट कधी बंद होणार, नवा पत्ता काय, तुम्ही काय कळवायचं, कोणाला कळवायचं. मोंढ्यात आणि कृषी सेवा केंद्रांच्या काउंटरवर छापील चिठ्ठी लावणं हाही चांगला उपाय आहे. वयाने मोठे बागायतदार मेल उघडत नाहीत, पण खताच्या दुकानात येतात.

त्याच वेळी होस्टला बॅकअप मागायचा. 'आमचा डेटा द्या' असं मोघम लिहिलं तर काहीतरी मोघमच मिळतं. दोन गोष्टी नाव घेऊन मागाव्यात: पूर्ण डेटाबेसचा एसक्यूएल डंप (त्यातली सगळी माहिती उतरवलेली फाइल), आणि चढवलेल्या फाइलींचं फोल्डर. यातलं एकच मिळालं तर दुसऱ्याचा उपयोग अर्धाही राहत नाही. पीएचपीबीबीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये जोडलेला फोटो सर्व्हरवर मूळ नावाने साठवलेला नसतो. एक लांबलचक सांकेतिक नाव असतं, पुढे जेपीजी वगैरे काही नसतं, आणि कोणतं सांकेतिक नाव म्हणजे कोणत्या प्रतिसादातला कोणता फोटो हे डेटाबेसमधल्या एका तक्त्यात असतं. नुसतं फोल्डर हातात आलं तर हजारो बेवारस फाइली आल्या असं समजा.

गट मेलवर चालणारा असेल तर संग्रह बहुतेक एमबॉक्स प्रकारच्या एकाच मोठ्या फाइलीत मिळतो. त्यात प्रत्येक मेलच्या डोक्यावर तिचा स्वतःचा ओळखक्रमांक आणि ती ज्या मेलला उत्तर आहे तिचा ओळखक्रमांक असतो. धागा बांधला जातो तो या दोन ओळींवरून. फाइल 'स्वच्छ' करण्याच्या नादात कोणी या ओळी काढल्या, तर पुढे फक्त विषयाच्या ओळीवरून जुळवाजुळव करावी लागते, आणि 'मदत हवी' या विषयाचे प्रश्न कोणत्याही शेतीगटात शेकड्याने असतात. मूळ फाइलीला हात न लावता तिची नक्कल करूनच काम करायचं.

होस्टने डेटाबेस दिला नाही, आणि फुकट सेवा देणारे होस्ट बहुधा देत नाहीत, तर पानं एकेक करून उतरवावी लागतात. डब्ल्यूगेट आणि एचटीट्रॅक ही दोन फुकट साधनं त्यासाठी पुरेशी आहेत. डब्ल्यूगेटला पानं उतरवतानाच वॉर्क प्रकारची फाइल बनवायला सांगावं. तिच्यात पानासोबत सर्व्हरचं उत्तर आणि उतरवल्याची वेळ जशीच्या तशी राहते. जुनी वेबपानं जतन करणारं वेबॅक मशीनही याच प्रकारच्या फाइलींवर चालतं.

सभासदांपुरती असलेली दालनं उतरवायला लॉगिन लागतं. इथे एक नियम काटेकोर पाळावा: क्रॉलरला, म्हणजे पानं उतरवणाऱ्या या साधनाला, ॲडमिनचा आयडी द्यायचा नाही. क्रॉलर पानावर दिसेल तो प्रत्येक दुवा उघडत जातो, आणि ॲडमिनच्या पानावर धागा पुसण्याचे, कुलूप लावण्याचे दुवेही असतात. नवं सॉफ्टवेअर आधी विचारतं, जुनं सगळीकडे विचारतंच असं नाही. एक साधा, फक्त वाचण्याची परवानगी असलेला आयडी तयार करावा. 'लॉगआउट' चा दुवा वगळायला सांगावं, नाहीतर क्रॉलर तोही उघडतो, स्वतःच बाहेर पडतो, आणि पुढची सगळी पानं 'कृपया लॉगिन करा' अशी उतरतात. फाइलींची संख्या बरोबर दिसते, आत काही नसतं. उतरवलेल्या पानांत हे वाक्य शोधून बघणं ही पहिली तपासणी.

पत्त्याच्या शेवटी येणारा सेशनचा क्रमांक काढून टाकायला सांगावा, कारण तो प्रत्येक वेळी बदलतो आणि एकच पान शंभर वेळा उतरतं. प्रत्येक प्रतिसादाचा स्वतंत्र दुवा, छपाईचं पान, 'उद्धृत करा' चं पान, हेही वगळायचे. हिशेब साधा आहे. समजा पन्नास हजार प्रतिसाद आहेत आणि एका पानावर पंचवीस दिसतात. कमीत कमी दोन हजार पानं झाली, धागे छोटे असतील तर त्याच्या कितीतरी पट. तीन सेकंदाला एक पान या वेगाने दोन हजार पानांना पावणेदोन तासही लागत नाहीत. पण स्वतंत्र दुवे वगळले नाहीत तर पन्नास हजार पानं उतरतात, त्यातली बहुतेक तीच ती, आणि वेळ जातो बेचाळीस तासांच्या आसपास. दोन-तीन सेकंदांपेक्षा घाई करू नये. बंद होण्याच्या दिवसांत सगळेच उतरवत असतात, सर्व्हर दमलेला असतो, आणि घाई करणाऱ्याचा पत्ता अडवला जातो. याहू ग्रुप्स बंद होताना अर्काइव्ह टीम या स्वयंसेवकांच्या संघाची खातीसुद्धा डिसेंबर २०१९ मध्ये अडवली गेली होती.

दालनाच्या यादीवर विसंबून उतरवलं तर जुने धागे निसटतात. काही सॉफ्टवेअर यादीत फक्त गेल्या महिन्याचे किंवा वर्षाचे धागे दाखवतं. त्याऐवजी धाग्यांच्या क्रमांकाने जावं: एक पासून शेवटच्या क्रमांकापर्यंत प्रत्येक क्रमांक मागून बघायचा. जो मिळत नाही तो पुसलेला आहे की त्याला वेगळी परवानगी लागते, हे वेगळं लिहून ठेवायचं. आणि सुरू करण्याआधी त्या साध्या आयडीच्या सेटिंगमध्ये जाऊन तारीख पूर्ण दिसेल अशी ठेवायची. 'काल, रात्री ११.१०' असं पान उतरलं तर तो 'काल' पुढच्या वर्षी कोणता समजायचा? वेळेचा फरकही तिथेच पाच तास तीस मिनिटांवर आणावा. डेटाबेसमध्ये वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असते, आणि पहाटे साडेपाचच्या आधी लिहिलेला प्रत्येक प्रतिसाद त्या हिशेबात आदल्या दिवशी पडतो. पावसाच्या नोंदी आणि फवारणीच्या वेळा असलेल्या गटाला हा फरक परवडत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते फोटोंचं. पानावरची जस्ताची कमतरता आणि ग्रीनिंग रोगाची पिवळी छटा शब्दांत वेगळी करून सांगणं अवघड आहे. खोडावरचा डिंक्या रोग, फळावरचे कोळी किडीचे डाग, सगळी चर्चाच 'फोटो बघा' ने सुरू होते. आणि फोटो गटाच्या सर्व्हरवर असतोच असं नाही. बऱ्याच जुन्या धाग्यांत तो फुकट फोटो साठवणाऱ्या दुसऱ्या सेवेवर असतो आणि इथे फक्त त्याचा दुवा असतो. फोटोबकेटने २०१७ च्या मध्यावर दुसऱ्या साइटवर फोटो दाखवण्यासाठी वर्षाला जवळपास चारशे डॉलर मागायला सुरुवात केली आणि जगभरच्या चर्चागटांतले फोटो एका झटक्यात गेले. टिनीपिक २०१९ मध्ये बंद झालं. इमगरने मे २०२३ पासून खात्याशिवाय चढवलेले, जुने, कोणी न बघितलेले फोटो काढायला घेतले. म्हणजे आपला होस्ट बंद होण्याआधीच या गटांचा काही भाग पोखरलेला असतो. क्रॉलरला बाहेरच्या साइटवरचे फोटोही, फक्त फोटोच, उतरवायला सांगावं लागतं. ते आपोआप होत नाही.

पानावर दिसतो तो फोटो बऱ्याचदा लहान केलेली नक्कल असते, मूळ मोठा फोटो त्यावर टिचकी मारल्यावर येतो. पानाच्या मर्यादेबाहेरचे दुवे वगळताना नेमका हा मोठा फोटो वगळला जातो. दहा-पंधरा धागे हाताने उघडून फोटो मोठा होतो का ते बघावं. जे फोटो आधीच मेलेत त्यांचे पत्ते वेबॅक मशीनमध्ये टाकून बघावेत, थोडेफार सापडतात. उरलेल्यांची यादी आयडीनुसार करून त्या त्या सभासदाला पाठवावी, जुन्या मेमरी कार्डात मूळ फोटो निघतात. काहीच मिळालं नाही तर प्रतिसादातून फोटोची जागा पुसून टाकू नये, 'इथे फोटो होता' एवढी खूण फाइलीच्या नावासकट ठेवावी. वाचणाऱ्याला कळतं की सल्ला फोटो बघून दिलेला होता.

जागेची काळजी मजकुरामुळे करायची गरज नाही. युनिकोडमधलं देवनागरी अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं. पाचशे चिन्हांचे एक लाख प्रतिसाद धरले तरी दीडशे एमबी होतात. तीनशे केबीचे वीस हजार फोटो मात्र सहा जीबी होतात. सगळा गट एका साध्या पेनड्राइव्हवर मावतो, त्यामुळे जागा वाचवण्यासाठी फोटो दाबून लहान करण्याचं काहीही कारण नाही.

आता मराठी मजकुराची दुखणी. इंग्रजी गटाचं स्थलांतर ज्या साधनांनी सुरळीत होतं त्याच साधनांनी मराठी गट खराब होऊ शकतो. नव्या जागी उघडल्यावर देवनागरीऐवजी टोपी-रेघा असलेली रोमन अक्षरं दिसली तर घाबरायचं कारण नाही. मजकूर आत बरोबर आहे, फक्त चुकीच्या लेबलाने वाचला गेलाय. जुन्या डेटाबेसमध्ये तक्त्यावर लॅटिन-१ (रोमन अक्षरांची जुनी संकेतपद्धत) लिहिलेलं असतं आणि आत यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची पद्धत) भरलेलं असतं. डंप घेताना लॅटिन-१ म्हणूनच घ्यायचा, म्हणजे बाइट बदलत नाहीत, आणि भरताना यूटीएफ-८ म्हणून भरायचा. पण देवनागरीच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हं दिसली तर तो मजकूर त्या प्रतीत संपला, त्यातून काही परत येत नाही. मूळ जागेवरून पुन्हा घ्यावा लागतो, आणि म्हणून ही तपासणी जुनी साइट जिवंत असतानाच करायची.

याहून फसवा प्रकार इमोजीचा. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये नुसतं 'यूटीएफ-८' म्हणून जो प्रकार पूर्वीपासून होता तो एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट देतो. देवनागरी त्यात बसते, इमोजीला चार लागतात. कडक तपासणी बंद असेल तर मायएसक्यूएल त्या इमोजीपासून पुढचा सगळा मजकूर कापतं आणि तक्रारही करत नाही. आपल्याकडे निम्मे प्रतिसाद जोडलेल्या हातांनीच सुरू होतात. अशा प्रतिसादात काहीच उरत नाही, पण प्रतिसादांची मोजणी मात्र अचूक जुळते. नवा डेटाबेस आणि त्याला जोडणारी जोडणी, दोन्ही 'यूटीएफ-८-एमबी-४' ठेवायची.

अदृश्य चिन्हं काढून टाकणारी 'सफाई' कोणत्याही साधनात असेल तर बंद करावी. 'शेतकऱ्याने' यातला र काही कीबोर्ड एका अदृश्य जोडचिन्हाच्या मदतीने लिहितात. ते गेलं की 'शेतकर्याने' होतं आणि शोधात तो शब्द सापडत नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत लिहिलेले धागे असतील तर ते वेगळे काढून, कोणत्या फॉन्टातले आहेत ते ओळखून, त्या त्या फॉन्टच्या रूपांतरकातून काढावे लागतात. मूळ मजकूर त्याखाली तसाच ठेवावा.

आकड्यांची पडझड या सगळ्यांत धोक्याची, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. अर्ध्याचं चिन्ह काही साधनं गिळतात, मग 'दीड किलो' म्हणून लिहिलेलं 'एक किलो' होतं. एक टक्का बोर्डो मिश्रणाला शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना लागतो. चुन्याचं प्रमाण असं कमी झालं तर मिश्रण आम्लधर्मी राहून पानं जळतात. 'पेक्षा कमी' चं टोकदार चिन्ह एचटीएमएलमध्ये टॅगची सुरुवात समजलं जातं, आणि 'सामू ७.५ पेक्षा कमी' हे चिन्हाने लिहिलेलं असेल तर पुढचं वाक्य नाहीसं होऊ शकतं. डिस्कोर्ससारख्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये मार्कडाउन चालतं, त्यात दोन तारकांमधला मजकूर तिरपा होतो आणि तारका जातात. '६*६ आणि ५*५ मीटर' हे लागवडीचं अंतर तिथे '६६ आणि ५५ मीटर' असं दिसतं. जुना मजकूर मार्कडाउन म्हणून भरायचा असेल तर तारका, अधोरेषा आणि ओळीच्या सुरुवातीच्या आकड्यानंतरचं टिंब यांच्या अलीकडे उलटी तिरकी रेघ घालून घ्यावी.

तपासणी मोजणीवर सोडायची नाही हे यावरून कळेलच. दालनवार धागे आणि प्रतिसाद यांची संख्या जुळवणं आवश्यक आहे, पण ती फक्त सुरुवात. त्यानंतर जुन्या आणि नव्या प्रती शेजारी ठेवून काही ठरावीक प्रतिसाद शब्दशः वाचावेत: सगळ्यात जुना, सगळ्यात लांब, इमोजीने सुरू होणारा, प्रमाणांचा तक्ता असलेला, सात-आठ फोटोंचा, एकात एक उद्धृतं असलेला, आणि शेवटच्या दिवशी लिहिलेला. लांब प्रतिसाद का, तर मायएसक्यूएलचा साधा टेक्स्ट रकाना ६५,५३५ बाइटांचा असतो. देवनागरीत ती मर्यादा एकवीस हजार चिन्हांच्या थोडी पुढे संपते. इंग्रजीत न कापला जाणारा लेख मराठीत तिथे कापला जातो. ही वाचणी बागेची जाण असलेल्याने करावी. चुकलेलं प्रमाण त्याच्याच लक्षात येतं.

सगळं उतरवलं म्हणजे सगळं उघड्यावर ठेवायचं असं नाही. लिहिणाऱ्याच्या मजकुरावर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे त्याचाच हक्क असतो. गट चालवणाऱ्याचा नसतो. आणि शेतीगटात लोक विश्वासाने काय काय टाकतात ते ॲडमिनला माहीत असतं: सातबारा, पीकविम्याची पावती, पासबुकाचं पान, आधारची झेरॉक्स, जमिनीचा गट नंबर. उघड प्रतीतून हे झाकायलाच हवं. सहा ते नऊने सुरू होणारे दहा आकडी नंबर आणि बारा आकडी नंबर शोधताना रोमन आणि देवनागरी दोन्ही आकडे धरायचे, मधे जागा किंवा आडवी रेघ टाकून लिहिलेलेही धरायचे. कागदपत्रांचे फोटो मात्र डोळ्यांनीच शोधावे लागतात. मोबाइलवर काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश बऱ्याचदा दडलेले असतात, ते उघड प्रतीतून काढून टाकावेत. मूळ प्रत न झाकलेली, कुलूपबंद, दोघातिघांच्या जबाबदारीवर ठेवायची. ज्यांना आपलं लिखाण नव्या जागी नको असेल त्यांनी कळवावं अशी सूचना जुन्या साइटवरच लावायची आणि कळवलं तर निमूटपणे काढायचं. त्यांचा प्रतिसाद काढला तरी जागा रिकामी दाखवावी, नाहीतर पुढचं उत्तर भलत्याच प्रश्नाला चिकटतं.

नवी जागा निवडताना संग्रह आणि चालू गप्पा वेगळ्या ठेवणं आम्हाला योग्य वाटतं. संग्रहाला साधी एचटीएमएल पानं पुरतात. त्यांना डेटाबेस लागत नाही, दर वर्षी नवी आवृत्ती चढवावी लागत नाही, आणि ती कोणत्याही स्वस्त जागेवरून किंवा पेनड्राइव्हवरूनही उघडतात. किविक्स या नेटशिवाय वाचण्याच्या ॲपच्या झिम प्रकारात सगळा संग्रह एका फाइलीत बांधला की तो मोबाइलवर नेटशिवाय वाचता येतो. भारनियमनात टॉवर बंद पडतो आणि विहिरीवर रेंज नसते, तिथे याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. चालू चर्चेसाठी स्वतःच्या सर्व्हरवर डिस्कोर्स घ्यायचं तर किमान एक जीबी रॅम लागते आणि ते सांभाळणारा माणूस लागतो. मेलवर चालणाऱ्या गटांसाठी ग्रुप्स डॉट आयओ आहे. याहू ग्रुप्स ज्या सेवेतून उभं राहिलं त्या वनलिस्टच्याच संस्थापकाने ते २०१४ मध्ये सुरू केलं, आणि याहूचे पुष्कळ गट तिथे गेले.

व्हॉट्सॲपवर गट हलवू नये असं आमचं ठाम मत आहे. निरोपासाठी ते उत्तम आहे. पण १०२४ जणांची मर्यादा, विषयवार धागा नाही, आणि संग्रह बाहेर काढताना फोटोंसकट साधारण दहा हजार आणि फोटोंशिवाय चाळीस हजार निरोपांपुढे जाता येत नाही. जूनमध्ये मृग बहाराचा ताण (फुलं यावीत म्हणून बंद ठेवलेलं पाणी) कधी तोडायचा हा प्रश्न दर वर्षी नव्याने येतो आणि गेल्या वर्षीचं उत्तर कोणाला सापडत नाही. फेसबुकवर गट चालवणाऱ्याला सगळ्यांच्या पोस्टींचा संग्रह उतरवून घेण्याची सोय नाही. टेलिग्रामच्या संगणकावरच्या ॲपमधून मात्र पूर्ण संभाषण एचटीएमएल किंवा जेसन रूपात काढता येतं, म्हणून तात्पुरतं कुठे थांबायचं असेल तर तिथे.

मराठवाड्यातल्या संग्रहाला शोधाची एक खास अडचण आहे. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव २०२३ मध्ये झालं. जुन्या प्रतिसादातलं नाव बदलायचं नाही, ते लिहिणाऱ्याचे शब्द आहेत. शोधयंत्रात दोन्ही नावं एकच समजावीत अशी जोडी घालायची. तशीच जोडी रोमन लिपीत लिहिलेल्या मराठीची: मोसंबी, बहार, डिंक्या, फळगळ हे शब्द जुन्या धाग्यांत रोमनमध्ये तीन-चार स्पेलिंगांनी लिहिलेले असतात. पन्नास-साठ शब्दांचा असा तक्ता केला की शोधाचा उपयोग कितीतरी वाढतो.

दुव्यांचं काम शेवटी येतं, पण त्याची तयारी आधीपासून लागते. गटाचा पत्ता होस्टच्याच नावाखालचा असेल तर बंद झाल्यावर तो पत्ता मेला, तिथून कोणाला पुढे पाठवता येत नाही. म्हणून प्रत्येक धाग्याचा जुना पत्ता आणि नवा पत्ता यांचा तक्ता करायचा, प्रतिसादांच्या आतले 'हा धागा बघा' असे दुवे त्यावरून बदलायचे, आणि तक्ता संग्रहासोबत उघड ठेवायचा. सार्वजनिक धागे साइट चालू असतानाच वेबॅक मशीनला जतन करायला द्यायचे. लॉगिनमागची पानं तिथे जात नाहीत. डोमेन स्वतःचं असेल तर काम सोपं होतं: कायमचं पुढे पाठवणारा ३०१ चा निर्देश लावला की शोधयंत्रंही नवा पत्ता उचलतात. यापुढे पत्ता स्वतःच्याच डोमेनचा घ्यावा. डोमेनच्या खात्याला दिलेली मेल त्याच डोमेनवरची नसावी, कारण डोमेनची मुदत संपली की आठवणीची मेलही तिथेच अडकते. डॉट कॉम किंवा डॉट ऑर्गची मुदत संपल्यावर नोंदणीदाराकडून काही दिवस सवलत मिळते, मग तीस दिवस जास्त पैसे भरून सोडवता येतं, त्यानंतर पाच दिवसांनी ते कोणालाही खुलं होतं. अशी सुटलेली डोमेनं जुगाराच्या जाहिराती लावणारे उचलतात आणि आपल्या गटाच्या नावावर येणारे बागायतदार तिथे पोचतात.

साइट बंद झाल्यावरही वर्ष-दोन वर्षांनी लोक येतात आणि जुना आयडी मागतात. जुनी मेल चालू असेल तर तिच्यावर एक संकेत पाठवून तो परत मागायचा. नसेल तर गटातल्या दोन जुन्या सभासदांनी ओळख द्यावी अशी अट ठेवली आहे, आणि ओळख देणाऱ्यांची नावं नोंदवून ठेवतो. तेवढंही जमलं नाही तर नवा आयडी द्यायचा आणि जुनं लिखाण जुन्याच नावावर राहू द्यायचं. त्या आयडीने पूर्वी दिलेल्या फवारणीच्या सल्ल्यावर लोकांचा भरवसा असतो, तो दुसऱ्याच्या हाती जाता कामा नये. जे सभासद वारले त्यांच्या आयडीला कुलूप लावतो, नाव आणि लिखाण तसंच ठेवतो, आणि घरच्यांनी काही काढायला सांगितलं तर काढतो.